नाकाजवळचा काळा मस: लेझरने जाळायचा की कापून तपासायला पाठवायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. आई 61 वर्षांच्या, खानापूरकडच्या, जन्मभर भातशेतीत राबलेल्या. नाकाच्या डाव्या बाजूला दोन-अडीच वर्षांपासून काळा मस आहे, आधी तुरीच्या डाळीएवढा होता, आता वाटाण्याएवढा झालाय, मधूनमधून खपली धरतो आणि तोंड पुसताना टॉवेलला रक्ताचा ठिपका लागतो, दुखत मात्र अजिबात नाही. एका स्किन क्लिनिकात "लेझरने एका सिटिंगमध्ये जातो, डाग राहत नाही" असं सांगितलं, दुसरीकडे "कापून तपासायला पाठवू" म्हटल्यावर आई घाबरून घरी आल्या, त्यात भावाचं लग्न अडीच महिन्यांवर आलंय. शिवाय त्यांनी वांगावर मेडिकलमधून आणलेली क्रीम दोन वर्षं लावली, त्याने हे झालं का अशी तुम्हाला शंका आहे. आणि नुसतं मत नको, रिसर्च काय म्हणतो ते सांगा असं तुम्ही लिहिलंय.

मी बेळगावात 25 वर्षांपेक्षा जास्त काळ त्वचारोगाचं काम करतोय, चेहऱ्यावरच्या गाठी काढायचं पण आणि ज्याला लोक कॉस्मेटिक म्हणतात ते पण. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: लेझर करू नका, आधी बायोप्सी करा, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासायला पाठवा.

फोटो न बघता, हात न लावता निदान करणं बरोबर नाही, पण तुम्ही जे वर्णन लिहिलंय, हळूहळू वाढणारा, चेहऱ्यावरचा, खपली धरून परत रक्त येणारा, न दुखणारा, त्यात माझ्या मनात पहिलं नाव येतं ते बेसल सेल कार्सिनोमाचं, हा कातडीचा एक कॅन्सर, बीसीसी म्हणतात त्याला. दुसरी शक्यता अशी की तो साधा सेबोरिक केराटोसिस असेल, म्हणजे वयोमानाने येणारा, चिकटवल्यासारखा दिसणारा खरबरीत काळा ठिपका, तो निव्वळ निरुपद्रवी. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखे दिसू शकतात आणि खरी अडचण इथंच आहे. गोऱ्या लोकांच्या पुस्तकात बीसीसी म्हणजे गुलाबी, मोत्यासारखी चकाकणारी गाठ, पण आपल्या सावळ्या कातडीत निम्म्याहून जास्त बीसीसी काळेच असतात, त्यामुळे घरचे मस समजतात, पार्लरवाली मस समजते, आणि घाईत असला तर डॉक्टर पण मसच समजतो. डर्मोस्कोप नावाचं एक छोटं भिंग असतं, कातडीवर टेकवून बघायचं, त्यात बीसीसी असेल तर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या, निळसर करड्या गोळ्या, कडेला पानाच्या आकाराचे तपकिरी तुकडे दिसतात. दोन मिनिटांचं काम आहे, त्रास काही नाही. ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना "डर्मोस्कोपी करता का" एवढं आधी विचारा.

घाबरू मात्र नका. बीसीसी शरीरात दुसरीकडे पसरणं अगदीच दुर्मीळ, हजारात एकाला सुद्धा होत नाही. जीव घेणारा हा आजार नव्हे, पण जागच्या जागी खोल खात जातो, जुन्या डॉक्टरांनी त्याला उंदराने कुरतडल्यासारखी जखम असं नाव दिलं होतं ते उगाच नाही. नाक, पापणी, कान, ओठाच्या आजूबाजूचा भाग यात जास्त धोक्याचा धरतात, कारण तिथं कातडी पातळ, खाली लगेच कूर्चा नाहीतर हाड, आणि गाठीची मुळं बाहेरून दिसते त्याच्या पलीकडे सरकलेली असतात.

आता लेझर का नको. 1983 मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी एक तत्त्व मांडलं, त्यावर आजची रंगावर मारा करणारी सगळी लेझर उभी आहेत: ठरावीक रंगाचा प्रकाश ठरावीक वेळ दिला तर तो रंग जिथं आहे तेवढंच जळतं, शेजारचं वाचतं. टॅटू, जन्मखुणा यासाठी हे वरदान आहे, मी स्वतः रोज वापरतो. पण लेझरला रंग कळतो, तो रंग साध्या मसात आहे की कॅन्सरच्या पेशीत आहे हे त्याला कळत नाही. वरचा काळेपणा जातो, आरसा बघून पेशंट खूश होतो, खालच्या पेशी तशाच राहतात आणि ज्या काळ्या खुणेवरून आपल्याला कळलं असतं ती खूणच पुसली जाते. कार्बन डायऑक्साइडचं लेझर किंवा कॉटरी (तापलेल्या टोकाने जाळणं) असेल तर मग सगळं जळून वाफ होतं, मागे बघायला काही उरतच नाही.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत शहापूरकडच्या एका विणकर काकांच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळचा काळा ठिपका मी मस समजून कॉटरीने जाळला. दोन मिनिटं लागली असतील, जळलेली राख ओल्या गॉजने पुसली आणि गॉज बादलीत टाकला, काका पैसे देऊन नमस्कार करून गेले. साडेतीन वर्षांनी परत आले तेव्हा त्या जागी पांढुरकी, ताणलेली, मेणासारखी कातडी होती आणि तिची एक कड पापणीला ओढत होती. त्यांना मोठ्या ऑपरेशनला पाठवलं, तिथल्या सर्जननी फोन करून पहिला प्रश्न विचारला की पहिल्या वेळचा रिपोर्ट काय होता. माझ्याकडे रिपोर्ट नव्हता, कारण मी काही पाठवलंच नव्हतं. काकांची पापणी वाचली, पण तो डोळा नीट मिटत नाही, रात्री मलम घालून झोपावं लागतं. त्या दिवसापासून चेहऱ्यावरची वाढलेली, बदललेली, रक्त येणारी कुठलीही गोष्ट मी बाटलीत घालून पाठवल्याशिवाय सोडत नाही, पेशंट कितीही "कशाला ओ डॉक्टर" म्हणू दे.

आपल्याकडे जाळायची सवय फक्त क्लिनिकातच आहे असं नाही. चुना आणि पापडखार कालवून मसावर लावणं, बिब्बा लावणं, घोड्याचा केस बांधणं हे अजून चाललेलंच आहे, महिन्यातून एखादा तरी असा भाजून घेतलेला पेशंट येतो. गंमत नव्हे, खरंच सांगतो, जगातली त्वचेच्या कॅन्सरची सगळ्यात चांगली सर्जरी अशाच एका जाळणाऱ्या लेपापासून सुरू झाली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात 1930 च्या दशकात फ्रेडरिक मोझ नावाचा तरुण झिंक क्लोराइडवर प्रयोग करत होता. त्याच्या लक्षात आलं की हे रसायन मांस मारतं खरं, पण पेशींची रचना मोडत नाही, म्हणजे मेलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत असल्यासारखाच वाचता येतो. मग त्याने लेप लावायचा, दुसऱ्या दिवशी तेवढा थर कापायचा, त्याचा नकाशा काढायचा, खालून तपासायचा, जिथं कॅन्सर दिसला फक्त तिथंच परत लेप लावायचा, असं करत करत मुळापर्यंत जायची पद्धत बसवली आणि 1941 मध्ये ती छापली. लेपाने पेशंटला फार दुखायचं, दिवसच्या दिवस लागायचे, म्हणून 1970 च्या दशकात ट्रोमोविच आणि स्टेगमन यांनी लेप काढून टाकला, ताजा तुकडा गोठवून तपासायला लागले, आणि पद्धत होती तशीच उत्तम चालली. म्हणजे गुण लेपाचा नव्हता, थर न् थर तपासण्याचा होता. पापडखार लावणाऱ्या आजीकडे आणि लेझरवाल्या क्लिनिकाकडे नेमकी तीच गोष्ट नाही.

मोझ सर्जरीत वेगळं काय ते समजून घ्या, कारण पुढे कुठल्याही हॉस्पिटलमध्ये गेलात तरी हे प्रश्न विचारता येतील. साध्या पद्धतीत गाठ भोवतालच्या थोड्या चांगल्या कातडीसकट कापतात आणि पॅथॉलॉजीवाले तिचे पावासारखे उभे काप करतात. दोन कापांच्या मधे जे राहिलं ते कोणी बघत नाही, सगळी कड धरली तर प्रत्यक्ष बघितलेला भाग एक टक्क्यापेक्षाही कमी भरतो. मोझमध्ये तुकडा बशीसारखा तिरका कापतात. पिळून घेतलेली अर्ध्या लिंबाची साल ओट्यावर उलटी ठेवून अंगठ्याने दाबून सपाट करा, सालीची सगळी बाहेरची बाजू, कड पण आणि बूड पण, एकाच पातळीत येते. तसाच तो तुकडा दाबून गोठवतात आणि त्या सपाट बाजूचा पातळ काप काढतात, म्हणजे जखमेला लागून असलेली पूर्ण शंभर टक्के कड एका काचेवर. कडेला निळी, लाल शाई लावलेली असते, त्यामुळे कॅन्सर घड्याळातल्या 4 च्या जागी उरलाय की 9 च्या हे कळतं आणि परत फक्त तेवढंच काढतात. पेशंट जागा असतो, भूल फक्त जागेवर, एका फेरीला तासभर लागतो, तोपर्यंत पट्टी बांधून बाहेर चहा पीत बसायचं.

आकडे विचारलेत ना, घ्या. नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या बीसीसीवर मोठा प्रयोग झाला, 408 पहिल्यांदा झालेल्या आणि 204 परत आलेल्या गाठी, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटणीने अर्ध्यांना मोझ, अर्ध्यांना साधं कापणं. 10 वर्षांचा निकाल 2014 मध्ये आला: पहिल्यांदा झालेल्यात मोझनंतर 4.4 टक्के परत आल्या, साध्या कापण्यानंतर 12.2 टक्के. परत आलेल्या गाठींमध्ये 3.9 टक्के विरुद्ध 13.5 टक्के. पहिल्या गटातला फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, दुसऱ्या गटातला ठरला, हे पण सांगायला पाहिजे. यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, पहिल्याच खेपेला नीट काढणं महत्त्वाचं, कारण परत आलेली गाठ जास्त चिवट असते. दोन, साधं कापणं म्हणजे काही वाईट उपचार नव्हे, जवळजवळ दहातल्या नऊ जणांचं काम त्यात होतं. आपल्या भागात मोझ सहज मिळत नाही, देशात मोजक्याच ठिकाणी होते. म्हणून मग कडेने साधारण 4 मिलिमीटर चांगली कातडी घेऊन कापायचं, शक्य असेल तर त्याच वेळी कडा गोठवून तपासून घ्यायच्या, नाहीतर जखम शिवायची घाई न करता पट्टी बांधून ठेवायची, कडा साफ असल्याचा रिपोर्ट आला की मगच शिवायची. लहान शहरात हा टप्प्याटप्प्याचा मार्ग फार चांगला आहे. पेशंटला दोन खेपा पडतात आणि नातेवाईक कटकट करतात, तरी मी त्याचाच आग्रह धरतो.

"कापल्यावर चेहरा खराब होईल, न कापता काही नाही का" हे तुमच्या आईचं भय सगळ्यांचंच असतं. यावर फ्रान्समधला 1997 चा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. चेहऱ्यावरच्या 4 सेंटिमीटरपेक्षा लहान बीसीसीचे 347 पेशंट, अर्ध्यांना सर्जरी, अर्ध्यांना रेडिओथेरपी म्हणजे आपण ज्याला लाईट देणं म्हणतो ते. 4 वर्षांनी सर्जरीत 0.7 टक्के अपयश, लाईटमध्ये 7.5 टक्के. याहून पुढची गोष्ट बघा, चेहरा कसा दिसतो याचं मूल्यमापन केलं तर सर्जरीवाल्यांपैकी 87 टक्क्यांचा निकाल चांगला आणि लाईटवाल्यांचा 69 टक्क्यांचा. लोकांना वाटतं सुरी म्हणजे कुरूपता आणि किरण म्हणजे सौंदर्य, प्रत्यक्षात उलटं निघालं. सुरीची रेघ वर्षभरात मऊ पडत जाते, लाईट दिलेली जागा वर्षागणिक पांढरी, पातळ, चट्टेदार होत जाते. (खूप म्हातारे, ऑपरेशन न झेपणारे पेशंट असतील तर लाईट देतात आणि द्यावीच, तो भाग वेगळा.) इमिक्विमॉड नावाची क्रीम आहे, तिचा इंग्लंडमध्ये कमी धोक्याच्या बीसीसीवर प्रयोग झाला, 5 वर्षांनी क्रीमने 82.5 टक्के आणि सर्जरीने 97.7 टक्के यश. पाठीवरच्या उथळ गाठीला ती क्रीम चालेल, नाकाला मी देणार नाही.

आणि नाक परत बनवणं ही तर आपल्याच मुलखाची विद्या आहे. टिपूच्या लढाईत कावसजी नावाच्या इंग्रजांच्या बैलगाडीवाल्याला पकडून त्याचं नाक कापलं होतं, त्याचं नाक पुण्याजवळच्या एका कुंभार समाजाच्या माणसाने कपाळाची कातडी खाली फिरवून परत केलं, आणि त्याची हकिकत चित्रासकट 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये तिकडे तसं पहिलं ऑपरेशन केलं. आज मोठी गाठ काढल्यावर नाकावर कपाळाचा फ्लॅप, म्हणजे एका बाजूने देठासारखी जोडलेली ठेवून फिरवलेली कातडी, घालतात तो तोच, देठ साधारण 3 आठवड्यांनी कापतात. तुमच्या आईची गाठ वाटाण्याएवढी आहे, तिला बहुतेक एवढं काही लागणार नाही. गालाची नाहीतर शेजारची थोडी सैल कातडी सरकवून झाकता येते, शिवण नाक आणि गालाच्या मधल्या घडीत लपवता येते. नाकपुडीच्या खोबणीसारख्या खोलगट जागी तर काही वेळा न शिवता नुसती पट्टी ठेवली तरी जखम आपोआप इतकी छान भरते की शिवून तशी आली नसती. तुमचे डॉक्टर "उघडी ठेवू" म्हणाले तर टाळाटाळ करतायत असं समजू नका.

आता बायोप्सीचं भय. "सुरी लागली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य मी चंदगडपासून चिकोडीपर्यंत सगळीकडे ऐकलंय. येळ्ळूरच्या एक मावशी माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग कशाला टोचून उठवायचं ओ त्याला?" त्यांना मी सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. बायोप्सीने बीसीसी पसरत नाही. पसरल्यासारखं वाटतं कारण लोक फार उशिरा येतात, तोवर आजार आतून वाढलेलाच असतो, मग बायोप्सी होते आणि नाव तिच्यावर येतं. प्रत्यक्षात होतं काय तर इन्सुलिनसारख्या बारीक सुईने भूल, त्या वेळी मुंगी चावल्यासारखं चर्र होतं, मग पेन्सिलच्या टोकाएवढं 3 मिलिमीटरचं गोल पातं फिरवून तुकडा काढायचा, तो फॉर्मालिनच्या छोट्या बाटलीत, एक टाका, वर पट्टी. दहा-पंधरा मिनिटांत उठून घरी, दुसऱ्या दिवशी स्वयंपाक सुद्धा करतात. रिपोर्ट बहुतेक आठवड्यात येतो. आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील, ॲस्पिरिन वगैरे, तर ती आपल्या मनाने बंद करू नका. कातडीच्या लहान ऑपरेशनला हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवणंच सुरक्षित असं अभ्यासातून दिसलंय, थोडं जास्त रक्त आलं तर दाबून थांबवता येतं, पण गोळी बंद करून स्ट्रोक आला तर ते परत दुरुस्त करता येत नाही. फक्त डॉक्टरांना आधी सांगा.

क्रीमचं उत्तर. त्या क्रीमने बीसीसी झाला असं मला वाटत नाही, ते वर्षानुवर्षांच्या उन्हाचं आणि वयाचं काम. पण क्रीम बंद करायचीच. 1975 मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी वांगावर तीन औषधांचं मिश्रण छापलं: हायड्रोक्विनोन 5 टक्के, ट्रेटिनॉइन 0.1 टक्के आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड 0.1 टक्के. आठवडे मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं औषध ते. आपल्याकडे त्याचे भाऊबंद मेडिकलमध्ये गोरं व्हायची क्रीम म्हणून शेंगदाण्यासारखे विकले गेले. 2011 मध्ये छापलेल्या एका भारतीय अभ्यासात 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारीचे 2926 पेशंट तपासले, त्यातले 433 जण, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ, लाल, उन्हात गेलं की आग, बारीक केस, फोड, आणि सोडली की दुप्पट भडका. आईंचा चेहरा क्रीम सोडल्यावर लाल झाला तर घाबरून परत लावू नका, डॉक्टरांकडून हळूहळू सोडवून घ्या. बिननावाच्या, डबीवर काही न लिहिलेल्या क्रीमचं तर बोलूच नका, पारा असू शकतो त्यात. केरळच्या मलप्पुरम भागात मूत्रपिंडातून प्रथिनं जाण्याचा आजार झालेल्यांच्यात 15 जणांचा आजार एका खास प्रकारचा निघाला आणि त्यातल्या 13 जणांनी गोरेपणाची क्रीम लावल्याचं सांगितलं. वांगासाठी खरा पाया म्हणजे रोजचं सनस्क्रीन, ते पण रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं, कारण आपल्या कातडीत नुसत्या अतिनील किरणांनी नाही तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाने पण वांग गडद होतो.

तुम्ही विचारलं नाही तरी एक गोष्ट लिहितो, कारण घरातल्या बाकी बायकांच्या कामाची आहे. आपल्या भागात त्वचेचा कॅन्सर फक्त उन्हाने होत नाही. कंबरेला परकराची नाडी करकचून बांधायची, त्याच जागी, 40-50 वर्षं. तिथली कातडी आधी काळी, मग जाड, मग खवलेदार, मग भेग पडते आणि न भरणारी जखम होते. 2024 मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन बायका मांडल्या, एकीची जखम 18 महिने भरली नव्हती, दोघींना स्क्वॅमस सेल कॅन्सर, म्हणजे कातडीच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार, निघाला, दुसरीचा जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत पोचला होता. हा कॅन्सर बीसीसीसारखा जागेवर बसून राहत नाही. माझ्याकडे हुक्केरीकडच्या एक आज्जी आल्या होत्या गुडघ्याच्या इसबासाठी, तपासायला पदर बाजूला केला तर नाडीच्या गाठीच्या बरोबर खाली रुपयाएवढी ओली जखम, त्यावर हळद आणि कापूस. "हे कधीपासून" विचारलं तर म्हणाल्या, "त्ये व्हय, त्ये नाडीचं हाय, असतंयच." बायोप्सीत सुरुवातीचाच कॅन्सर निघाला, काढला, आज बऱ्या आहेत, आता रुंद पट्ट्याचा परकर घालतात आणि गाठ रोज वेगळ्या जागी बांधतात. आईंची कंबर आज रात्रीच बघा.

तसंच भाजल्याचे जुने व्रण. निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस अंगावर पडून भाजलेली माणसं गावोगाव आहेत. त्या व्रणावर, विशेषतः सांध्याजवळ, पुष्कळदा 30 वर्षांनी वगैरे परत फुटणारी जखम झाली तर ती मार्जोलिन अल्सर असू शकते, तो पण स्क्वॅमस कॅन्सरच. आणि तळपाय. आपल्या लोकांत मेलानोमा हा सगळ्यात वाईट त्वचेचा कॅन्सर कमी होतो, पण होतो तेव्हा बहुतेक वेळा तळपायाला नाहीतर नखाखाली होतो, आणि रोप लावायला अनवाणी चिखलात उतरणारा माणूस त्याला काट्याचं कुरूप समजून ब्लेडने तासत बसतो. बॉब मार्ले हा मोठा गायक 1981 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी पायाच्या अंगठ्याच्या मेलानोमानेच गेला. मेलानोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात आणि एका मिलिमीटरच्या आत सापडला तर बहुतेक माणसं वाचतात, म्हणून तळपायावरचा नवीन, वाढणारा, वेडावाकडा काळा डाग दिसला की तासायचा नाही, दाखवायचा.

बीसीसीच निघाला तर कुठं जायचं. बेळगावात केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे, सरकारी बिम्स आहे, पलीकडे कोल्हापूर, मिरज जवळ आहे, खूप गुंतागुंत असेल तर मुंबईचं टाटा नाहीतर बेंगळुरूचं किदवई. पैशाचा प्रश्न असेल तर कर्नाटकचं आयुष्मान-आरोग्य कार्ड चालतं का ते आधी काउंटरवर विचारा, आणि महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचा निर्णय घेतलाय, तुमचं गाव त्यात येतं का बघा, कागद कुठले लागतात ते योजनेच्या मदत केंद्रावर सांगतात. रिपोर्ट इंग्रजीत असतो, डॉक्टर कन्नड बोलणारे असू शकतात, आईंना मराठीच येत असेल तर संकोच न करता "मराठीत सांगा" म्हणा, आपल्या इथं वॉर्डात कोण ना कोण दोन्ही भाषांचं असतंच.

लग्नाचं गणित सोपं आहे. या आठवड्यात बायोप्सी, पुढच्या आठवड्यात रिपोर्ट. साधा केराटोसिस निघाला तर काहीच चिंता नाही, तेव्हा हवं तर लेझरने पण काढा, मीच काढून देईन. बीसीसी निघाला तर त्यानंतरच्या पंधरा दिवसांत ऑपरेशन, चेहऱ्याचे टाके 5 ते 7 दिवसांत निघतात, म्हणजे लग्नापर्यंत सहा-सात आठवडे मिळतात. तेवढ्यात एक गुलाबी रेघ राहील, थोड्या रंगाच्या सनस्क्रीनने झाकेल, पुढचे काही महिने त्यावर सिलिकॉन जेल लावायचं, वर्षाच्या आत ती ओळखू येणार नाही इतकी फिकट होते. नाकावर केलॉइड, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारा फुगीर जाड व्रण, क्वचितच होतो, तो आपल्याकडे छाती, खांदा, कानाच्या पाळीला जास्त. आणि लग्नानंतर बघू म्हणून थांबलात तर दोन-तीन महिन्यांत जीवाला काही होणार नाही हे खरं, पण माझ्या अनुभवात लग्नानंतर बघू म्हणणारी माणसं गणपतीनंतर बघू, सुगीनंतर बघू करत दोन वर्षांनी येतात.

ऑपरेशन झाल्यावर रिपोर्टमध्ये "कडा साफ" असं लिहिलंय का ते स्वतः वाचून घ्या, नुसतं "बीसीसी" लिहिलेलं पुरेसं नाही, बाजूच्या आणि खालच्या दोन्ही कडांबद्दल लिहिलेलं पाहिजे. पॅथॉलॉजीत तुमच्या आईच्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या हॉस्पिटलात मत घ्यायचं झालं तर नुसत्या कागदावर भागत नाही, तो ब्लॉक आणि काचा मागून घेता येतात, अर्ज केला की देतात. आईंना सुरुवातीला सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा दाखवत राहा, पाच वर्षांनी पण बंद करू नका, कारण त्या डच अभ्यासात बऱ्याच गाठी पाच वर्षं उलटल्यावर परत आल्या होत्या. उद्या जाताना आईंचा चार-पाच वर्षांपूर्वीचा एखादा समोरून काढलेला फोटो सोबत न्या, आधार कार्डाचा नको, तो धड दिसत नाही, कुणाच्या बारशाचा नाहीतर लग्नाचा मोठा फोटो न्या, मस कधी नव्हता आणि कधी आला हे त्यावरून डॉक्टरांना लगेच कळेल.